उभ्या झाडाचा भाव

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये, रत्नागिरी येथे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. वेळ संपल्याची घंटा ज्याच्या हाती दिली आहे, तो आठवीत असताना शाळेची घंटाच लपवून ठेवणारा मुलगा. त्यामुळे मी निर्धास्त आहे. विषय देताना त्याने एवढंच सांगितलं, "तू एवढी वर्षं त्या हवामानाच्या परिषदांना जात होतीस. तिथे नक्की काय चालतं ते सांग. पण आकड्यांनी झोपवू नकोस, जेवणानंतरचं भाषण आहे." आकडे थोडे येणारच. पण जे सांगणार आहे ते आपल्या जिल्ह्याचं आहे आणि थोडं माझ्या घरचंही आहे. घरचं मी आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितलं नाही. इथे संकोच वाटत नाही, कारण सहामाहीला गणितात मला अकरा मार्क पडले होते हे इथल्या सगळ्यांना माहीतच आहे.

सुरुवात वर्गापासून करते. आठवीत भूगोलाच्या सरांनी महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशात जंगलं भरायला सांगितली होती. गडचिरोली, चंद्रपूर हिरवं केलं, मेळघाट हिरवा केला, आणि मग मी आपला रत्नागिरी जिल्हाही गडद हिरवा रंगवला. सरांनी त्यावर लाल पेनाने काट मारली. म्हणाले, "आपल्याकडे वनखात्याचं जंगल नाही म्हटलं तरी चालेल." मी गावाकडच्या डोंगराचं नाव घेतलं. सर म्हणाले, "ते रान आहे, लोकांच्या मालकीचं." सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमचं बरोबर होतं. पण माझंही चुकलं नव्हतं. हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

आपल्या जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी नाममात्र आहे. पण भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून मोजते तेव्हा आपला जवळजवळ अर्धा जिल्हा वनाच्छादित दिसतो. कारण त्यांची व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, ज्याची दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली आहे, ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, हे विचारायचं नाही. म्हणजे संगमेश्वराकडचं ऐन-किंजळाचं रान वनात धरलं जातं, आणि दाट वाढलेली हापूसची बाग आणि काजूची बागसुद्धा धरली जाते. रान तोडून तिथे काजू लावला, तर चार-सहा वर्षांनी उपग्रहाला पुन्हा हिरवंच दिसतं. कागदोपत्री काहीच गेलेलं नसतं. गेलेलं असतं ते पऱ्याला पाणी पिणाऱ्यांना कळतं.

आता त्या परिषदांकडे येते. १९९२ साली रिओला हवामानबदलाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याखाली १९९७ साली क्योटोला ठरलं की श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचा, आणि काही भाग गरीब देशांत पैसे देऊन कमी करून घेतला तरी चालेल. लगेच प्रश्न आला: झाडं धूर शोषून घेतात, मग झाडांसाठी पैसे द्यायचे का? त्याचं जे उत्तर ठरलं ते ऐका. नवीन झाडं लावलीत तर पैसे. आणि तीही अशा जमिनीवर, जिथे ३१ डिसेंबर १९८९ रोजी जंगल नव्हतं. उभं जंगल राखलंत तर त्याचे पैसे नाहीत. असलेलं राखणं मोजायचं कसं, एका ठिकाणी राखलं आणि दुसरीकडे तोडलं तर काय करायचं, असे प्रश्न होते, आणि ते प्रश्न खोटे नव्हते. पण नियम झाला तो असा. आपल्या भाषेत सांगायचं तर, आजीने लावलेला फणस जपणाऱ्याला काही नाही, आणि मोकळ्या सड्यावर रोपं लावून फोटो काढणाऱ्याला बक्षीस.

२००५ साली माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन छोट्या देशांनी हा विषय पुन्हा काढला. त्या काळी उष्णकटिबंधातल्या जंगलतोडीमुळे जगाच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे सहावा हिस्सा होतो असा हिशोब मांडला जात होता. ते म्हणाले, आमची जंगलं उभी राहावीत असं जगाला वाटत असेल तर जगाने त्याची किंमत द्यावी. २००७ साली बालीला हा विषय अधिकृतपणे कामकाजात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'रेड' म्हणू लागले: जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास यांतून होणारं उत्सर्जन कमी करणं. त्याच सुमारास मी या कामात आले. मोठी कोणी म्हणून नव्हे. दिल्लीतल्या एका संस्थेत टिपणं काढायचं काम होतं, आणि त्या संस्थेला परिषदेत निरीक्षक म्हणून मागे बसायची परवानगी होती. मागच्या बाकावर बसायची सवय मला इथूनच होती.

इथे मला मराठीच्या बाईंची आठवण काढायची आहे. बाई, तुम्ही निबंधात विरामचिन्हांचे मार्क कापायचात आणि आम्ही कुरकुरायचो. डिसेंबर २००८ मध्ये पोलंडमधल्या पोझनानला परिषद झाली. तिथे एका अर्धविरामावरून वाद झाला. खरं सांगते. बालीच्या मजकुरात आधी 'जंगलतोड आणि ऱ्हास यांतून होणारं उत्सर्जन कमी करणं' असं होतं, मग अर्धविराम होता, आणि त्यानंतर 'जंगलाचं जतन, शाश्वत व्यवस्थापन आणि साठा वाढवणं' असं होतं. अर्धविराम असल्यामुळे काही देश म्हणायचे, खरा विषय अर्धविरामाच्या आधी संपतो, पुढचं नुसतं जोडलेलं आहे. भारत आणि आणखी काही देश म्हणत होते, नाही, दोन्ही सारखंच महत्त्वाचं. पोझनानला त्या अर्धविरामाचा स्वल्पविराम झाला. 'रेड'ला पुढे 'प्लस' म्हणजे अधिक चिन्ह चिकटलं, ते या नंतरच्या तीन गोष्टींचं.

हसू नका, ह्या एका टिंबात फार मोठा पैसा होता. ब्राझील, इंडोनेशिया यांची जंगलं तेव्हा झपाट्याने तुटत होती. तोड निम्म्यावर आणली की निम्म्याचा हिशोब करून त्यांना पैसे देता येणार होते. नॉर्वेने तर २००८ साली ब्राझीलला आणि २०१० साली इंडोनेशियाला प्रत्येकी एक अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. भारताचं म्हणणं वेगळं होतं. आमच्याकडे जंगलाचं क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटत नाही. लोकसंख्येचा एवढा भार असून आम्ही ते टिकवलं आहे. मग टिकवणाऱ्याला काय? २००६-०७ च्या सुमारास भारताने हेच 'भरपाईसह जतन' या नावाने मांडलं होतं.

हा प्रश्न आपल्या वर्गात तर रोज होता. समजा शाळेने जाहीर केलं की ज्याचे मार्क सर्वांत जास्त वाढतील त्याला बक्षीस. मग पंचवीसवरून पन्नासवर जाणाऱ्याला कप, आणि पहिलीपासून नव्वद मिळवणारीला काही नाही. तिचे वाढलेच नाहीत ना! आपल्या वर्गातली ती मुलगी कोण हे नाव न घेता सगळ्यांना कळलं आहे. ती आत्ता मान खाली घालून हसते आहे.

पुढचं भराभर सांगते. २०१० साली मेक्सिकोत कानकूनला या योजनेची बंधनं ठरली: स्थानिक लोकांचे हक्क आणि ज्ञान यांचा मान राखायचा, त्यांना निर्णयात सामील करायचं, आणि हा पैसा नैसर्गिक जंगल काढून तिथे लागवड करायला वापरायचा नाही. २०१३ साली वॉर्सात मोजणी, पडताळणी आणि पैसे देण्याची पद्धत ठरली. २०१५ च्या पॅरिस करारात जंगलांचं वेगळं कलम आलं, पाचवं. २०१८ साली भारताने आपली जंगलांची आधाररेषा संयुक्त राष्ट्रांकडे दिली आणि आपलं राष्ट्रीय रेड-प्लस धोरणही जाहीर केलं. कागद म्हणून पाहिलं तर काम चोख झालं आहे. मी त्यातले पुष्कळ मसुदे स्वल्पविरामासकट वाचले आहेत.

आणि आता घरचं सांगते.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरामागे वरकस जमिनीत आमचं सामाईक रान होतं. साडेसात एकर, म्हणजे तीनशे गुंठे. ऐन, किंजळ, नाना, हिरडा, दोन मोठे बेहडे, आणि पऱ्याच्या कडेला रातांबे. त्याच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. पणजोबांपासून वारस लागत गेले, वाटणी कधी झाली नाही. मुलींची नावं लागली तेव्हा माझंही लागलं. त्या तेविसांपैकी गावात राहणारी घरं दोन. बाकीचे मुंबई, पुणे, एक बडोद्याला. मी दिल्लीत.

२०११ च्या जानेवारीत, म्हणजे कानकूनहून येऊन मला महिनाही झाला नव्हता, चुलतभावाचा फोन आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. म्हणाला, "ताई, रान द्यायचं ठरतंय. व्यापारी उक्ते सव्वादोन लाख देतो म्हणतो. सगळ्यांच्या सह्या लागतील. तुझ्या संमतीचा कागद पाठवतो." मी विचारलं, "सगळंच?" तो म्हणाला, "सगळंच घेतो तो. निवडून नाही." काकीचं ऑपरेशन व्हायचं होतं. घराचं छप्पर पावसाळ्याआधी काढायचं होतं. माझ्या टेबलावर त्या वेळी कानकूनच्या मसुद्याची प्रत होती. 'स्थानिक समूहांचा पूर्ण आणि परिणामकारक सहभाग' या ओळीखाली मी स्वतः रेघ मारली होती.

मी सही केली. नाही म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. जगभरातल्या जंगलांसाठी जे पैसे येणार येणार म्हणून मी चार वर्षं टिपणं काढत होते, त्यातला एक रुपया दादाला दाखवता येत नव्हता. मी स्वतःच्या पदरचे पैसे देऊन तेवीस जणांचं रान राखलं असतं तर ते परोपकारात जमा झालं असतं, पण नियम म्हणून काय सांगणार? माझ्या वाट्याला नऊ हजार रुपये आले. ते मी परत पाठवले, ऑपरेशनला घ्या म्हटलं. पण त्याने सही पुसली जात नाही.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा डोंगर लालभडक होता. ट्रकची वाट पऱ्यातूनच काढली होती. मोठे बेहडे दोन्ही गेले होते. त्यातल्या एकाच्या ढोलीत दर वर्षी धनेशाची जोडी असायची. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, पुढे फटीतून नर तिला फळं भरवतो. आम्ही मुलं खाली बसून ते बघायचो. आजोबा आमच्या अंगावर ओरडायचे, त्यांना त्रास देऊ नका म्हणून. पुढच्या वर्षीपासून दादाच्या दारचा पऱ्या, जो शिमगा झाल्यावरही वाहायचा, तो संक्रांतीलाच आटायला लागला. दादा कधी काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, "ताई, तेव्हा तू नको म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो." हे वाक्य मी त्यानंतरच्या प्रत्येक परिषदेत बरोबर घेऊन गेले.

कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. दादाची गरज खरी होती. व्यापाऱ्याने फसवलं नाही, ठरलेले पैसे दिले. आपल्या जिल्ह्यात हजारो एकर रान असंच जातं: कोळशाला, सरपणाला, फळ्यांना, नाहीतर लागवडीसाठी साफ करायला. विकणारा अडलेला असतो, आणि त्याच्या दारात रोख पैसे घेऊन येणारा माणूस एकच असतो. तोडलेल्या झाडाचा भाव गावात कोणीही सांगतो. उभ्या झाडाला भाव नाही.

मग त्या आंतरराष्ट्रीय पैशाचं काय होतं? २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला की २०२० पासून विकसनशील देशांना वर्षाला शंभर अब्ज डॉलर मिळतील. तो आकडा त्यांच्याच हिशोबाने गाठला गेला २०२२ साली, दोन वर्षं उशिरा. २०२४ साली बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्जांचा नवा शब्द दिला. गरज त्याच्या कितीतरी पट आहे म्हणून भारताने तिथेच कडक शब्दांत नापसंती नोंदवली. आणि या दोन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ब्राझीलमधल्या बेलेमला उष्णकटिबंधीय जंगलांसाठी एक कायमचा निधी सुरू झाला. कल्पना मला आवडली, कारण त्यात पहिल्यांदाच उभ्या जंगलाला दर वर्षी पैसे द्यायचं ठरलं आहे. तुमची तोड किती कमी झाली, यापेक्षा उभं किती आहे हे विचारतात. नव्वद मार्कवालीला पहिल्यांदाच कोणी बक्षीस देतं आहे. त्यातला निदान पाचवा हिस्सा स्थानिक आणि आदिवासी समूहांसाठी ठेवायचा आहे. भारत त्यात सध्या निरीक्षक म्हणून गेला आहे.

दर ठरला आहे हेक्टरी चार डॉलर, वर्षाला. मी विमानतळावर बसून हिशोब केला, अकरा मार्कवालीलाही जमेल असा आहे. चार डॉलर म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. हेक्टरमध्ये शंभर गुंठे. गुंठ्याला साडेतीन रुपये. आमचं तीनशे गुंठे रान असतं, आणि सगळेच्या सगळे पैसे मधे कुठेही न थांबता थेट आमच्यापर्यंत आले असते, तर वर्षाला एक हजार पन्नास रुपये. तेवीस नावांत वाटले तर प्रत्येकी पंचेचाळीस. स्टँडवर चार कटिंग चहा. व्यापाऱ्याचे सव्वादोन लाख एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला.

हे सांगून मला त्या निधीची थट्टा करायची नाही. लाखो हेक्टर सरकारी जंगल असलेल्या देशाला यातून मोठी रक्कम मिळेल, आणि ती जंगल राखायच्या कामी येईल. मला म्हणायचं आहे ते असं की हे सगळे नियम मनात एक चित्र धरून झाले आहेत: जंगल मोठं आहे, सलग आहे आणि त्याचा मालक सरकार आहे, नाहीतर एक संघटित आदिवासी समाज आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे बघा. २००९ साली त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली ग्रामसभेने स्वतःच्या हक्काने बांबू विकला, आणि जंगल उभं आहे. तिथे 'आमचं जंगल' म्हणणारी एक सभा आहे. आमच्याकडे तेवीस नावं आहेत आणि ती एका खोलीत कधी बसलेली नाहीत. शिवाय १९७५ साली खाजगी वनं सरकारजमा करण्याचा कायदा झाला, त्याची धास्ती अजून मनात आहे. 'आमच्याकडे जंगल आहे' असं कागदावर म्हणायलाच माणूस घाबरतो. न जाणो, सातबाऱ्यावर शिक्का बसायचा! कोकणातलं रान जगाच्या नियमांत बसत नाही त्याचं कारण हे आहे.

उलट उदाहरण आपल्याच खाडीत आहे. दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी चार कोटी चौतीस लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. त्यातून कांदळवन राखणं आणि त्यावर जगणाऱ्या लोकांना खेकडेपालन, कालवंपालन असे धंदे उभे करून देणं अशी कामं आहेत. तो पैसा इथपर्यंत का पोचू शकला? खाडीतलं बहुतेक कांदळवन सरकारी जमिनीवर आहे, न्यायालयाचं संरक्षण त्याला आहे, आणि राज्यात २०१२ पासून त्यासाठी वेगळा कक्ष आहे. कोणाशी करार करायचा हे देणाऱ्याला माहीत होतं. खाडीपासून वीस-तीस किलोमीटर वर डोंगरात तो कोणाशी करणार?

मग डोंगरात काही होतच नाही का? होतं. देवराया बघा. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला कळलं की इथे कोणी एक पैसा न देता जंगलं राखली गेली आहेत. देवाच्या धाकाने म्हणा, गावाच्या नियमाने म्हणा. गावकर, मानकरी, गुरव, कौल, पालखी ही सगळी त्या जंगलाची कार्यकारिणीच. आता तो धाक कमी झाला आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे हवेत म्हणून देवाचीच झाडं विकलेली मी पाहिली आहेत. आत स्लॅबचं गार देऊळ आणि बाहेर रखरखीत ऊन.

आणि दुसरं. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था आपल्या संगमेश्वर भागात बरीच वर्षं काम करते. त्यांनी देवरायांबरोबर खाजगी रानांचा प्रश्न हाती घेतला. मालकांशी बसून बोलायचं, ठरावीक वर्षं रान तोडणार नाही असा करार करायचा, आणि त्याच्या बदल्यात त्यांना काही मोबदला मिळेल अशी सोय करायची. शिवाय उत्तर सह्याद्रीत हिरडा-बेहड्याची फळं झाड न दुखवता, पक्ष्यांचा वाटा सोडून गोळा करायची, आणि त्यांना 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून द्यायचं. परदेशातली वनौषधी चहाची कंपनी तसली फळं जास्त भावाने घेते. म्हणजे बेहडा उभा असेल तरच पैसे, आणि दर वर्षी. नियम तिथेही आहेत, पण ते झाडाखाली बसून ऐकता येतात.

मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी राहायला आले. आमच्या रानाकडे मी बारा वर्षं नीट बघितलंच नव्हतं. बघितलं तर काय! ऐन-किंजळाच्या खोडांना फुटवे फुटून ते दोन पुरुष उंच झाले आहेत. कोकणातलं रान असं परत येतं, मुळं काढली नाहीत आणि वणवा लागू दिला नाही तर. दादा मला म्हणाला, "आणखी दहा वर्षांनी व्यापारी परत येईल बघ." म्हटलं, येऊ दे, पण त्याच्या आधी आपण बसू या.

आम्ही बसलो. गेल्या गणपतीत, कारण कोकणात सगळे एकत्र येतात ते तेव्हाच. मयतांची नावं काढून, वारस लावून घेऊन आता सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. एक साधा कागद केला: दहा वर्षं सरसकट तोड नाही; सरपण आणि घराला लागेल तेवढं निवडून; मार्चआधी जाळरेषा काढायची; आणि कोणाला अचानक पैशाची गरज लागली तर आधी घरात सांगायचं, व्यापाऱ्याला मागाहून. त्यासाठी एक छोटी पेटी ठेवली आहे, वर्षाला प्रत्येकी पाचशे. सत्ताविसांपैकी एकोणीस जणांनी सह्या केल्या. पाच जण 'बघू' म्हणाले. तिघांनी स्वच्छ नाही म्हटलं, आणि त्यांचं कारण ऐकल्यावर मला त्यांचा राग आला नाही. एकाला मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे. पाचशे रुपयांची पेटी त्याला काय पुरणार? म्हणून मी आजही त्या मोठ्या निधींच्या मागे लागायचं सोडलेलं नाही. धोरणं लिहिणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना पत्रं लिहिते की सामाईक खाजगी रान हा प्रकार तुमच्या व्याख्येत घाला, हेक्टरी दर ठरवताना व्यापाऱ्याचा दर विचारा, आणि गटाने केलेला करार मान्य करा. उत्तरं नम्र येतात.

आता तुमच्याकडे वळते. या सभागृहात आपण साठ-सत्तर जण आहोत. हात वर करायला सांगत नाही, पण निम्म्याहून जास्त जणांचं नाव गावाकडच्या कुठल्या ना कुठल्या सामाईक सातबाऱ्यावर असणार. पुष्कळांनी तो सातबारा पाहिलेलाही नसेल. एक दिवस फोन येईल. काका असतील, चुलतभाऊ असेल, अडचण खरी असेल. कागद येईल आणि खाली तुमच्या नावापुढे जागा मोकळी असेल. तेव्हा नाही म्हणा असं मी सांगत नाही, मीही म्हटलं नव्हतं. तीन प्रश्न मात्र विचारा. एक, गरज किती रुपयांची आहे? पुष्कळदा गरज पन्नास हजारांची असते आणि रान दोन लाखांचं जातं. दोन, निवडून तोड करता येईल का, पऱ्याची कड आणि जुनी फळझाडं सोडून? तीन, गावात राहणारा जो आहे त्याच्या पाण्याचं काय होणार? एवढं विचारलं तरी निम्मे व्यवहार लांबतात, आणि रानाला तेवढंच हवं असतं.

आपल्यात वकील आहेत, दोन निवृत्त महसूल अधिकारी आहेत, बँकेतले आहेत. त्यांना माझी वेगळी विनंती आहे. सामाईक रानासाठी करार कसा लिहावा, वारस कसे लावावेत, तारण न ठेवता अडीनडीला पैसे कसे उभे करावेत, याचा एक साधा मराठी नमुना आपण मिळून तयार करू. दोन पानांचा पुरे. मसुदा मी करते. विरामचिन्हं बाईंना दाखवून घेईन.

जाता जाता एक. मागच्या आठवड्यात दादाने पऱ्याच्या वरच्या अंगाला एक बेहड्याचं रोप दाखवलं. कोणी लावलेलं नाही, कंबरेएवढं आहे. कुठल्या तरी पक्ष्याने नाहीतर जनावराने बी टाकलं असणार. धनेशाला ढोली करण्याएवढा तो बेहडा व्हायला आपल्या सगळ्यांची हयात पुरणार नाही. दादाने त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं आहे. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

घंटा झाली वाटतं. तू खरंच वेळेवर वाजवलीस, कमाल आहे! सर, बाई, तुमचे आशीर्वाद असू द्या. सर, तो नकाशा मी अजून जपून ठेवला आहे. उद्या घेऊन येते, त्या लाल रेघेखाली तुमची सही हवी आहे.